होल्याची पाण्यावरची फेरी

गुरांच्या हौदावर होल्यांची जोडी उतरते, हे आपण रोजच पाहतो; लक्ष कोण देतो? पण हाच आपला लहान तपकिरी होला राजस्थानात जैसलमेर-बाडमेरच्या वाळवंटातही राहतो. तिथे पाणी हुकले तर घरट्यातल्या पिलांवर बेतते.

किडे खाणाऱ्या पाखराला भक्ष्यातून ओल मिळते. होला खातो कोरडे बी. त्यात पाणी ते किती असणार? म्हणून सकाळी ऊन चढायच्या आत आणि पुन्हा दिवस कलताना त्याची पाण्यावरची फेरी ठरलेली. तो थेट उतरत नाही. आधी खेजडीवर, म्हणजे आपल्या शमीवर बसून शिक्रा कुठे आहे का ते बघतो. मग चोच बुडवून म्हशीसारखे सलग ओढून पितो आणि उडतो. कोंबडीसारखे दर घोटाला मान वर करणे त्याला परवडणारे नाही.

वीण जवळजवळ वर्षभर, उन्हाळ्यातही. अंडी दोन, उबवण सुमारे दोन आठवडे. बहुधा दिवसा नर बसतो, रात्री मादी. त्यामुळे दोघांच्या पाण्याच्या वेळाही निराळ्या. पिले निघाली की नर-मादी दोघेही गळ्याच्या पिशवीत तयार होणारे दह्यासारखे दूध भरवतात. पखुर्डीचा नर पोटाची पिसे भिजवून पिलांना पाणी नेतो; होल्याच्या पिलाला ओल मिळते ती आईबापांच्या गळ्यातूनच.

वाळवंटात पावसाचे पाणी साठवायची टांकी झाकलेली असतात, आणि माणसांसाठी ते योग्यच आहे. नाडी, म्हणजे गावतळे, आटली की पाखराला उरते गुरांची पाणी प्यायची जागा.

आपल्या कोरडवाहू भागात अडचण वेगळी. शेततळे भरलेले दिसते, पण प्लॅस्टिक गुळगुळीत, काठ उभा. पाखरू घसरले की बाहेर येत नाही. एका बाजूने दोरखंडाची जाळी वरपासून पाण्यापर्यंत सोडून पक्की बांधा. हौदात काठाशी दोन-तीन दगड रचा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी सार्वजनिक हौदावर फवारणीचा पंप धुऊ देऊ नये. ते पाणी गुरेही पितात. औषध लावलेले बी सांडले तर मातीआड करा. होला पेरणीतले दाणे टिपतो, ही तुमची तक्रार खरी आहे, पण तणाचे बीही तोच वेचतो. आणि पाण्यावर फासे लावणाऱ्यांना सांगा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.