गाडी आपली, रस्ताही आपला!

सहल म्हणजे पैसेवाल्यांची चैन, असे आपल्या वस्तीत अजूनही समजले जाते. आपण गाव सोडतो ते ऊसतोडीला, दवाखान्याला, लग्नाला. नाहीतर दीक्षाभूमीला आणि चैत्यभूमीला. नुसते पाहायला कोण जातो? म्हणून या सुट्टीत आम्ही पाथरीहून भाड्याची जीप केली आणि मुलाबाळांसह तीन दिवस लेणी पाहायला निघालो.

ढालेगावला गोदावरी ओलांडली. माजलगाव, गेवराई करीत शहागडला ती पुन्हा भेटली. सायंकाळी औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, गाठले. दुसऱ्या दिवशी दौलताबादला गाडी थांबली. धुळीने माखलेल्या मुलांनी उतरताच तोंडे धुतली. तेव्हा त्यांना आम्ही १९३४ ची हकिकत सांगितली.

बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. याच किल्ल्याच्या दाराशी त्यांच्यापैकी काहींनी हौदावर तोंड-पाय धुतले, तर हौद बाटवला म्हणून जमाव अंगावर धावून आला. शेवटी कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर किल्ला पाहू दिला आणि सोबत हत्यारबंद शिपाई दिला! गोलमेज परिषद गाजवलेला बॅरिस्टर सहलीला निघाला, तरी जात त्याच्या आधी तिथे पोहोचली होती. मुले बराच वेळ गप्प होती.

वेरूळला गर्दी फार. म्हणून तिसऱ्या दिवशी कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याला गेलो. गौताळ्याच्या जंगलात पायऱ्या उतरून दरीत जायचे. माणूस नाही, दुकान नाही. फक्त पाखरांचा आवाज. ही लेणी दोन हजार वर्षांहून जुनी. ती कोणी कोरवली? तिथल्या शिलालेखांत प्रतिष्ठान, म्हणजे पैठणच्या गांधिक कुळातील मितदेवाचे नाव आहे. गांधिक म्हणजे अत्तरे-सुगंधी द्रव्ये विकणारा. इथे सापडलेली यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्यावर ती घडवणाऱ्या कण्हदास सोनाराचे नाव आहे. राजांची नावे पाठ करणाऱ्या आमच्या मुलांनी कारागिराचे नाव दगडावर असते, हे पहिल्यांदाच ऐकले.

परतताना एका हॉटेलात चहा घेतला. मालकाने गाव विचारले, मग आडनाव विचारले. आम्ही सांगितले. चहा मिळाला, पाणीही मिळाले. गप्पा मात्र तिथेच संपल्या. १९३४ चा शिपाई गेला, पण आडनाव विचारणारा अजून आहे.

म्हणून घरात बसायचे काय? मुळीच नाही! मोकळेपणाने हिंडणे हाही हक्कच आहे, आणि न वापरलेला हक्क गंजतो. बंधूभगिनींनो, चार घरांनी मिळून भिशी लावा, गाडी करा, मुलांना पितळखोऱ्याला न्या. आडनाव कोणी विचारलेच, तर ताठ मानेने सांगा आणि पुढच्या लेणीचा रस्ता विचारा.