कथा शिकायची, पण कुणाकडे?

गेली दोन वर्षे दिल्ली मेट्रोच्या प्रवासात मी कथालेखनावरील इंग्रजी पॉडकास्ट ऐकत आलो आहे. निवेदन, संवाद, पुनर्लेखन यांचे नियम त्यांतून विनामूल्य मिळाले. पुढे डोंगरातल्या एका सशुल्क निवासी शिबिरालाही गेलो. तिथे एका सहलेखिकेने माझी कथा वाचून विचारले, ‘यातली आई घरी रागावते ती कोणत्या भाषेत?’ भोजपुरीत जगणाऱ्या आईला मी पुस्तकी इंग्रजी बोलायला लावले होते. हा दोष पॉडकास्ट दाखवू शकत नाही; त्यासाठी हस्तलिखित वाचणारा माणूस लागतो.

असा माणूस मिळणे आज ऐपतीवर अवलंबून आहे. साहित्य अकादमी 24 भाषांत पुरस्कार देते, पण ते प्रकाशित पुस्तकांना. 2021च्या पंतप्रधान युवा योजनेत 75 लेखकांना मार्गदर्शन आणि सहा महिने दरमहा 50 हजार रुपये देण्याची तरतूद होती. मात्र वयोमर्यादा तिशीची आणि विषय राष्ट्रीय चळवळीचा. चाळिशीत लिहू लागलेल्या परिचारिकेने कुठे जावे? जिल्हा ग्रंथालयात महिन्यातून एकदा स्थानिक भाषेचा संपादक बसवला, तरी सुरुवात होईल.