काठ आणि मोहोर

भुसावळ–खंडवा लोहमार्गावर बऱ्हाणपूर सोडले की असीरगड रोड आणि त्यापुढे चांदनी ही स्थानके लागतात. हा मार्ग सातपुड्याच्या ज्या खिंडीतून जातो तिच्यावर ज्याची हुकमत, त्याच्या हाती दक्षिणेची वाट, अशी स्थिती शतकानुशतके राहिल्याने हा टापू राजचिन्हांनी समृद्ध आहे. मात्र ही चिन्हे येथल्या विख्यात कापडावर जवळजवळ उतरलीच नाहीत, आणि वस्त्रेतिहासाच्या दृष्टीने हीच गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

असीरगडावर सापडलेली मौखरी राजा शर्ववर्मन याची तांब्याची मोहोर सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील असून, तिच्यावर छत्राखाली चालणारा अलंकृत बैल, त्याच्यासोबत सेवक आणि खाली हरिवर्मनापासूनची वंशावळ अशी रचना आहे. मूळ मोहोर हरवली, ठसे तेवढे उरले. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत फारुकी सुलतानाने १५९० च्या सुमारास अरबीबरोबर संस्कृतातही लेख कोरविला. राजाची ओळख आणि त्याची वचने धातूवर व दगडावर गेली. कापडाला वेगळे काम होते.

ते काम कोणते, हे सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याच्या प्रवासवर्णनातून दिसते. बऱ्हाणपूरचे तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंडपर्यंत जाई, आणि ओढण्यांच्या पदरांवर कलाबतू व रेशमाची फुले अशी विणलेली असत की कापडाला उलटी बाजूच नसे. जे वस्त्र अनेक देशांत खपवायचे, त्याला एका राजाचे चिन्ह अडचणीचेच ठरले असते. याउलट अब्बासी आणि फातिमी दरबारांत ‘तिराझ’ म्हणजे खलिफाचे नाव काठावर विणलेले अथवा भरतकामाने काढलेले कापड बने व मानाची वस्त्रे म्हणून दिले जाई. ते बाजारासाठी नव्हे, निष्ठेसाठी होते.

चिन्ह दगडावरून कापडावर आणण्याचा मार्ग माळव्यात महेश्वरने दाखविला, आणि तोही अक्षराविना. १७६७ मध्ये अहिल्याबाई होळकरांनी राजधानी तेथे नेल्यावर विणकामाला राजाश्रय मिळाला. वाड्याच्या आणि घाटाच्या चिरेबंदी कामातले नमुने, तसेच नर्मदेची लाट, ‘ईंट’, ‘चटाई’, ‘लहर’ अशा नावांनी साडीच्या काठांत आले. ‘बुगडी’ नावाच्या काठाची साडी तर दोन्ही बाजूंनी नेसता येते. ज्याने घाट पाहिला आहे त्याला साडी वाचता येते, इतरांना ती नुसतीच देखणी वाटते.

आजच्या शिवजयंतीचे टी-शर्ट मात्र सरळ अक्षराकडे वळले आहेत. छत्रपती शिवाजी महाराजांची अष्टकोनी संस्कृत मुद्रा, जिच्यात मुद्रेलाच प्रतिपदेच्या वाढत्या चंद्रकोरीची उपमा दिली आहे, छातीवर छापली जाते. राजपत्रात ही मुद्रा माथ्यावर उमटे आणि मजकूर संपताच दुसरी, लहान मर्यादामुद्रा लागे, म्हणजे पुढे कोणाला ओळ घुसडता येत नसे. पत्राला अस्सलपणा या दोन्हींमुळे येई. छापणाऱ्यांनी पहिली उचलली, कारण ती डौलदार आहे आणि दुरून ओळखू येते; दुसरी कापडावर क्वचितच आढळते, आणि आली तरी ती तिथे कोणत्या मजकुराची मर्यादा आखणार, हा प्रश्नच आहे.