कुऱ्हाडीचा दांडा

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ" ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. दांडा लाकडाचा आणि घाव घालतो तोही लाकडावरच. पण दांडा ढिला असला, तर तो माणसाच्या गोतालाही काळ होतो.

हिंगणीच्या एका अंगणात आम्ही हे पाहिले. सरपण फोडताना पाते निसटले आणि गोठ्याच्या कुडात जाऊन रुतले. कुडाजवळच लेकरू खेळत होते. थोडक्यात वाचले. आम्ही घरधन्याला विचारले, "दांडा ढिला आहे, हे ठाऊक नव्हते काय?" तो म्हणाला, "ठाऊक होते जी. म्हणून तर रोज रात्री पाण्यात घालून ठेवतो. सकाळी घट्ट होते."

इथेच चूक होते. पाण्याने लाकूड फुगते, हे खरे. पण लोखंडाचे भोक मोठे होत नाही. मग फुगलेले लाकूड आतल्या आत चेपते. वाळले की ते पहिल्यापेक्षा बारीक होते. म्हणजे आज घट्ट आणि उद्या जास्तच ढिले!

मग काय करावे? नवा दांडा बसवावा. तो कसा, ते पाहू या.

लाकूड कोणते घ्यावे? हिंगणीजवळ बोरचे जंगल आहे. ते १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाला. तिथले लाकूड तोडू नये. आपल्या धुऱ्यावरच्या बाभळीची छाटलेली फांदी पुरते. फांदी सरळ असावी. तिला गाठ नसावी. दोन्ही टोकांना शेण लावून ती तीन-चार महिने सावलीत वाळू द्यावी. शेणामुळे टोके एकदम वाळत नाहीत व तडकत नाहीत. ओल्या लाकडाचा दांडा पुढे आकसतो आणि ढिला होतो.

जुना दांडा कसा काढावा? पुष्कळ लोक पाते विस्तवात घालतात. तसे करू नये. त्याने लोखंडाचे पाणी उतरते आणि धार टिकत नाही. दांडा पात्याखाली करवतीने कापावा. आत राहिलेला तुकडा खालून वर ठोकून काढावा.

नवा दांडा वाकसाने तासावा. तो अगदी गोल करू नये, थोडा चपटा ठेवावा. म्हणजे हातात फिरत नाही. वरच्या टोकाला करवतीने उभी चीर पाडावी. मग दांडा पात्याच्या भोकात घालावा. कुऱ्हाड उलटी धरावी, पाते खाली लोंबते ठेवावे. आता दांड्याच्या बुडावर लाकडी ठोकळ्याने ठोकावे. पाते जड असल्यामुळे जागीच राहते आणि दांडा आत सरकतो. तो घट्ट बसला की चिरेत वाळलेल्या लाकडाची पाचर ठोकावी. पाचरेने लाकूड वर रुंदावते. मग पाते निसटत नाही.

कुदळीला अशी पाचर लागत नाही. तिचा दांडा वरून घालतात आणि तो वर जाड असतो. प्रत्येक घावाबरोबर कुदळ त्यावर जास्त घट्ट बसते.

शेवटी दांड्याला जवसाचे तेल चोळावे. तीन-चार दिवस रोज थोडे थोडे लावावे. ते लाकडात मुरते आणि वाळते. पण तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून घरात टाकू नये. वाळताना हे तेल तापते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या बाहेर पसरून वाळवाव्यात.

काम काढण्याआधी रोज पाते हाताने हलवून पाहावे. ते जरा जरी हलले, तरी कुऱ्हाड उचलू नये. आधी पाचर ठोकावी. घाव घालताना पुढे-मागे कोणी उभे राहू नये. लेकरांना तर दूरच ठेवावे. एवढे सांभाळले, तर म्हणीतला काळ आपल्या दारी यायचा नाही.