पाककृतीची वही : कौटुंबिक स्मृतीची संहिता

घरोघरी पिढ्यानपिढ्या जपली जाणारी पाककृतींची वही ही कौटुंबिक स्मृतीची संहिता असली तरी ती स्वयंपूर्ण नसते. 'अंदाजाने मीठ', 'रंग आला की उतरावे' ही तिची भाषा शेजारी उभे राहून शिकवणारी व्यक्ती गृहीत धरते. ती व्यक्ती गेली की अक्षरे उरतात, पण अर्थ अपुरा पडतो. या अपुरेपणावर बंगाली व मराठी परंपरांनी शोधलेले उपाय तौलनिक दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

पहिला उपाय नामकरणाचा. 'आमिष ओ निरामिष आहार' या ग्रंथाच्या कर्त्या प्रज्ञासुंदरी देवी या हेमेंद्रनाथ ठाकूर यांच्या कन्या व असमिया साहित्यिक लक्ष्मीनाथ बेझबरुआ यांच्या पत्नी. 'राममोहन दोल्मा पुलाव', 'द्वारकानाथ फिर्नी पुलाव' अशी नावे त्यांनी पदार्थांना दिली; एका पायसाला अकाली गेलेल्या आपल्या मुलीचे, सुरभीचे, नाव दिले. येथे पदार्थाचे नाव हीच कथा होते. खीर रांधली जाते तोवर ते नाव उच्चारले जाते.

दुसरा उपाय श्रवण-लेखनाचा. सत्येंद्रनाथ ठाकूर यांच्या कन्या इंदिरा देवी चौधुराणी स्वतः फारसे रांधीत नसत. मात्र आवडलेल्या पदार्थांच्या कृती विचारून त्या वहीत उतरवून घेत. ही वही पूर्णिमा ठाकूर यांच्याकडे आली आणि तिच्या आधारे 'ठाकुरबाडीर रान्ना' हे पुस्तक सिद्ध झाले. रांधणारी, लिहिणारी आणि प्रसिद्ध करणारी अशा तीन स्त्रियांचे कर्तृत्व त्यात मिसळले आहे. त्यांपैकी पहिली बहुधा अनामच राहते.

मराठीत लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' 1910 मध्ये, तर कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' 1970 मध्ये प्रसिद्ध झाले. 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचे निश्चित प्रमाण दिले, आणि कमलाबाईंची 'एक लाख सुनांची सासू' अशी ओळख रूढ झाली. शिकवणाऱ्या व्यक्तीची जागा ग्रंथाने घेतल्याची याहून नेमकी नोंद नाही. तथापि निश्चित प्रमाणामुळे नवशिक्या गृहिणीची सोय झाली, तरी घरोघरचे पाठभेद पुसट होत गेले.

हा प्रश्न कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये विशेष स्पष्ट दिसतो. 1999 मध्ये स्थापन झालेल्या हिडको या शासकीय संस्थेने राजारहाटच्या शेतजमिनींवर हे नियोजित नगर वसवले. येथे 2012 मध्ये 'रवींद्रतीर्थ', तर 2018 मध्ये इको पार्कलगत नामांकित मिठाईवाल्यांचे 'मिष्टी हब' सुरू झाले. त्याआधी 2017 मध्ये 'बांग्लार रसोगोल्ला'ला भौगोलिक निर्देशांक मिळाला होता. संस्था व कायदे अशा प्रकारे कीर्तिमान पदार्थांचे रक्षण करतात. घरातील वही त्यांच्या कक्षेबाहेर राहते. 1947 च्या फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांच्या लेखी तर एखादी माशाची कृती हीच सुटलेल्या गावाची खूण असते. नव्या सदनिकेत वही येते. पाटा-वरवंटा, अंगण आणि नदी येत नाहीत.

म्हणून अशा वहीचे जतन हस्तलिखिताच्या शिस्तीने व्हावे. 'अंदाजाने'चे परस्पर ग्रॅममध्ये रूपांतर करू नये. प्रमाण द्यायचेच तर ते समासात द्यावे. आजी, काकू, सून यांचे पाठभेद सांगणारीच्या नावासह, प्रसंगासह आणि भांड्यासह नोंदवावेत. शिकवणारी हयात असताना ही नोंद झाली नाही, तर पुढील पिढीच्या हाती चव येईल, पण ती कोणाच्या हातची, हे सांगणारे कोणी उरणार नाही.