जुन्या मोटारीचे वंगण

आमच्या पुष्कळ सभासद बंधूंच्या घरी वडिलांच्या काळातील अ‍ॅम्बॅसॅडर किंवा फियाट अद्याप जपलेली आहे. त्यांपैकी फियाट बनविणारी प्रीमियर कंपनी सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिली. अशा गाडीत कोणते तेल घालावे, असे लोहारद्याच्या बाजारात आम्हांस वारंवार विचारले जाते.

डब्यावर '२०डब्ल्यू-५०' असे आकडे असतात. ते वजन नव्हे, तेलाचा दाटपणा होय. 'डब्ल्यू' म्हणजे हिवाळा. त्याआधीचा आकडा थंडीतील, नंतरचा १०० अंश उष्णतेतील दाटपणा दर्शवितो. आकडा लहान तितके तेल पातळ.

आजच्या पुष्कळ इंजिनांस '०डब्ल्यू-२०' सारखे पातळ तेल मानवते, कारण त्यांतील फटी बारीक असतात. झिजलेल्या जुन्या इंजिनात तेच महाग तेल वैशाखात फटींतून निसटते, दाब उतरतो व बेअरिंगे घासतात. आमच्या देवास जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो; येथे अशा गाडीस सामान्यतः '२०डब्ल्यू-४०' वा '२०डब्ल्यू-५०' योग्य.

तथापि अतिदाट तेलही हितकारक नाही. पौषातील पहाटे ते सर्वत्र पोहोचण्यास विलंब लागतो आणि तोवर इंजिन कोरडे घासते. निळा धूर येत असता केवळ दाट तेल घालणे म्हणजे किडक्या धान्यावर चांगल्याचा थर देणे होय. दुरुस्ती टळत नाही, लांबते.

म्हणून प्रथम गाडीची पुस्तिका वाचावी, गरम इंजिन मंद चालू ठेवून तेलदाबाचा दिवा लुकलुकतो काय ते पाहावे, मगच डबा घ्यावा. माल पारखून घेण्याचा आपला शिरस्ता येथेही पाळावा.