टुआकाऊची मिला

राणीच्या बागेतली हत्तीवरची फेरी आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. इथे ऑकलंडच्या प्राणिसंग्रहालयातही १९२३ साली आलेली जमुना हत्तीण वर्षानुवर्षे मुलांना पाठीवर घेऊन फिरायची. (नावातच माहेर आलं!)

आपल्या पुकेकोहेजवळ, टुआकाऊला, राहून गेलेली मिला मात्र आफ्रिकेतली. लहानपणीच तिला इथे आणलं आणि 'जम्बो' नावाने ती सुमारे तीस वर्षे सर्कशीबरोबर गावोगाव फिरली. हत्तिणी जन्मभर आई-मावश्यांच्या कळपात राहतात. हिला वर्षानुवर्षे एकाही हत्तीची सोबत नव्हती. माणसं टाळ्या वाजवायची, एवढंच.

२००९ मध्ये ती टुआकाऊच्या फ्रँकलिन प्राणिसंग्रहालयात आली. तिला जिवापाड जपणाऱ्या पशुवैद्य डॉ. हेलन स्कोफील्ड २५ एप्रिल २०१२ रोजी तिच्याकडूनच मारल्या गेल्या. तरीही मिलाला कोणी मारून टाकलं नाही. तिला इतर हत्तींमध्ये पाठवायचं, हीच तर हेलनबाईंची धडपड होती. लोकांनी देणग्या दिल्या आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये मिला विमानाने अमेरिकेत, सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात पोहोचली. तिथे कित्येक वर्षांनी तिला दुसरी हत्तीण भेटली.